ज खालचं टिंब

माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक एका ओळीची आहे. २०१२ च्या पावसाळ्यात, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत, दुपारच्या चहाला उठण्याआधी मी ती घाईघाईत लिहिली. त्या ओळीचा अर्थ एवढाच होता की जो मजकूर येईल, तो जसाच्या तसा परत द्या. त्याखाली मी एक टीप लिहिली, 'नंतर पाहू'. मग चहाला गेलो. ते 'नंतर' आठ महिन्यांनी आलं, तेही एका बाईंच्या दुधाच्या पैशांच्या रूपात.

ही गोष्ट सांगायची तर थोडं तांत्रिक बोलावं लागेल. संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकांनी घाबरू नये. शेवटी ही एका टिंबाचीच गोष्ट आहे.

आमची कंपनी दूध संस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवायची. सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर दूध येतं, लिटर मोजतात, फॅट आणि एसएनएफ काढतात, त्यावरून दर ठरतो, चिठ्ठी निघते आणि दहा दिवसांनी बिल होतं. हे सगळं सांभाळणारा मुख्य प्रोग्राम सर्व्हरवर होता आणि जावा भाषेत होता. केंद्रावरचा माणूस मात्र ब्राउझरमध्ये काम करायचा, आणि ब्राउझरला तेव्हा जावास्क्रिप्ट सोडून काही कळत नसे. नावात सारखेपणा असला तरी या दोन भाषांचं एकमेकींशी नातं नाही.

मग एकच हिशेब दोनदा लिहायचा का? दर काढायचं सूत्र सर्व्हरवर जावात आणि ब्राउझरसाठी पुन्हा जावास्क्रिप्टमध्ये? दोन ठिकाणी लिहिलं की आज ना उद्या दोन उत्तरं येणार. यावरचा त्या काळातला एक चांगला तोडगा म्हणजे गूगल वेब टूलकिट. २००६ साली आलेलं हे साधन तुमचा जावा कोड घेतं आणि त्याचं जावास्क्रिप्ट करून देतं. तुम्ही एकदाच लिहा, तेच दोन्हीकडे चालेल. आम्ही खूश होतो. एकदा कंपाइल करायला पाच-सात मिनिटं लागायची, कारण प्रत्येक जातीच्या ब्राउझरसाठी ते वेगळी प्रत तयार करायचं. आमच्या चहाच्या वेळा त्या कंपाइलवरच ठरलेल्या असत.

पण भाषा म्हणजे फक्त व्याकरण नव्हे. जावाबरोबर एक भलंमोठं प्रमाण ग्रंथालय येतं. तारीख लिहायची, यादी क्रमाने लावायची, आकडा दोन दशांशांत दाखवायचा, यासाठी आधीच लिहून ठेवलेले हजारो तयार तुकडे त्यात असतात. जावा लिहिणारा माणूस स्वतः फार थोडं लिहितो, उरलेलं या ग्रंथालयाकडून करून घेतो. ब्राउझरमध्ये हे ग्रंथालय नसतं. ते उचलून तिकडे नेताही येत नाही. एक तर ते प्रचंड आहे, केंद्रावरच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवरून ते उतरायला दिवस जाईल. दुसरं म्हणजे त्यातला बराच भाग फायली, थ्रेड, ऑपरेटिंग सिस्टीम अशा गोष्टींवर उभा आहे, आणि ब्राउझरमधल्या पानाला त्या मिळत नाहीत.

म्हणून अशी साधनं बनवणारे लोक त्या ग्रंथालयाची एक नक्कल तयार करतात. नावं तीच, हाक मारायची पद्धत तीच, आतला माल मात्र नव्याने लिहिलेला. परक्या घरी जाऊन आपल्या पद्धतीचा रस्सा करायचा म्हटलं की जे होतं, तेच इथे होतं. तुमच्या वहीत लिहिलंय, खलबत्त्यात कुटा. तिथे खलबत्ता नाही. मग घरची बाई म्हणते, हा वरवंटा घ्या, यालाच खलबत्ता म्हणा. बहुतेक वेळा चालून जातं.

या नकलेचा काही भाग किती इमानदारीने लिहिलाय, हे बघून मला तेव्हाही कौतुक वाटायचं. जावात 'लाँग' नावाचा ६४ बिटांचा पूर्णांक आहे. जावास्क्रिप्टमध्ये तेव्हा एकाच जातीची संख्या होती, आणि तिच्यात ५३ बिटांपलीकडचा पूर्णांक अचूक मावत नाही. टूलकिटवाल्यांनी काय केलं, तर प्रत्येक लाँगचे २२, २२ आणि २० बिटांचे तीन तुकडे केले आणि बेरीज-गुणाकार हातानं मांडल्यासारखे पुन्हा लिहून काढले. हे फार हळू चालतं, आणि त्यांनी कागदपत्रांत तसं सांगूनही टाकलं. हळू चालेल, पण उत्तर खरं येईल. 'बिगडेसिमल' हा पैशाच्या हिशेबाला लागणारा प्रकार २०१० मधल्या २.१ आवृत्तीत आला. तो अपाचे हार्मनी या मुक्त जावा प्रकल्पाच्या कोडवरून घेतला होता.

काही ठिकाणी तर काहीच न करणं हेच बरोबर होतं. जावात 'सिंक्रोनाइज्ड' असा शब्द आहे. दोन कामं एकाच वेळी एका वस्तूला हात लावू नयेत म्हणून तो कुलूप घालतो. टूलकिट हा शब्द मुकाट्याने स्वीकारायचं आणि त्याचं काहीच करायचं नाही. ब्राउझरमधल्या पानात एका वेळी एकच काम चालायचं. घरात एकटाच माणूस राहत असेल, तर न्हाणीघराला कडी लावली काय आणि न लावली काय.

आणि काही गोष्टी सरळ नव्हत्याच. त्या वापरल्या की कंपायलर थांबायचा आणि सांगायचा, या प्रकाराचा सोर्स कोड उपलब्ध नाही, आवश्यक मॉड्यूल घ्यायला विसरलात का? हा संदेश मी इतक्या वेळा वाचलाय की झोपेतही म्हणून दाखवेन. तारीख लिहिणारा नेहमीचा प्रकार नाही. आकडे सजवून देणारं 'स्ट्रिंग.फॉरमॅट' नाही. अशा वेळी राग यायचा. आज वाटतं, की त्या संदेशाइतकं प्रामाणिक त्या सगळ्या यंत्रणेत दुसरं काही नव्हतं. माझ्याकडे हे नाही, असं ते तोंडावर सांगत होतं.

खरा त्रास व्हायचा तो, जे आहे असं वाटायचं आणि अर्धंच असायचं, त्याचा.

सभासदाच्या नावात आकडे किंवा भलतीच चिन्हं येऊ नयेत म्हणून मी एक तपासणी लिहिली होती. नावातलं प्रत्येक चिन्ह हे अक्षर आहे का, असं ग्रंथालयाला विचारायचं. त्यासाठी 'इजलेटर' नावाची तयार सोय आहे. इंग्रजीत नाव टाकून पाहिलं, चाललं. मग एका सेक्रेटरींनी देवनागरीत नाव टाकलं आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं, नावात फक्त अक्षरे असावीत. आत जाऊन पाहिलं, तर टूलकिटच्या नकलेत अक्षराची व्याख्या होती इंग्रजी ए ते झेड. तेवढंच. श हे अक्षर नव्हतं. क नव्हतं. आख्खी बाराखडी अक्षरांच्या बाहेर.

मी चिडून म्हटलं, खरा जावा असं करणार नाही. तेच सर्व्हरवर चालवून पाहिलं. तिथे श अक्षर होतं, पण त्यावरची मात्रा नव्हती! युनिकोडच्या हिशेबाने काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नाहीत, ती अक्षराला लागणारी चिन्हं आहेत. म्हणजे 'शरद' पास आणि 'शेख' नापास. आकड्यांचीही तीच गत. '१२५' असं मराठी आकड्यांत लिहिलेलं खरा जावा पूर्णांक म्हणून बिनतक्रार वाचतो. ब्राउझरमधली नक्कल म्हणायची, हा आकडाच नाही.

कुणाला यात विशेष वाटणार नाही. मला वाटलं, कारण हा अनुभव मला संगणकाबाहेरचा होता. कॉलेजात असताना, आणि नंतर ऑफिसातही, लोक कौतुकाने म्हणायचे, 'अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!' त्यांच्या मनात वाईट काही नसायचं. घरात अम्मीशी आमची ती अर्धी दखनी, अर्धी मराठी बोली, बाकी शाळा, शिव्या, गणित, स्वप्नं सगळी मराठीत. तरी कुणीतरी कुठेतरी एक यादी करून ठेवलेली असते, मराठी म्हणजे हे ते हे. आपण त्या यादीच्या बाहेर निघतो, आणि यादी करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याने फक्त आपल्या ओळखीच्या अक्षरांची यादी केलेली असते.

असो. अशा फटी भरायची एक अधिकृत वाट टूलकिटमध्ये होती. तिला 'सुपर-सोर्स' म्हणत. एका वेगळ्या फोल्डरमध्ये तुम्ही त्याच नावाचा, त्याच पत्त्याचा आपला वर्ग लिहून ठेवायचा. ब्राउझरसाठी कंपाइल होताना तुमचा वर्ग घेतला जातो, सर्व्हरवर खरा जावातला घेतला जातो. वरच्या कोडला कळतही नाही की खाली कोण उभं आहे. ही फार मोठी ताकद आहे. ग्रंथालयाच्या नावाने तुम्ही काहीही बोलू शकता, आणि ऐकणारा ते ग्रंथालयाचंच बोलणं समजतो.

जून-जुलैमध्ये आम्ही कऱ्हाड-सांगली पट्ट्यातल्या काही संस्थांची जुनी दप्तरं नव्या प्रणालीत घेत होतो. सभासदांचं रजिस्टर एका मुलाने युनिकोडमध्ये नव्याने टाइप केलं होतं. रोजच्या दुधाच्या याद्या मात्र जुन्या फाँटमध्ये होत्या. त्या एका रूपांतर करणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये आणल्या होत्या. यादीतलं नाव रजिस्टरमधल्या नावाशी जुळवायचं. जुळलं तर ते दूध त्या सभासदाच्या खात्यावर. नाही जुळलं तर नवीन खातं, प्रकार 'बिगर सभासद'. इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे ही जुळवाजुळव ब्राउझरमध्येच व्हायची.

पहिल्याच दिवशी निम्म्या गावाची नावं जुळली नाहीत. कारण कऱ्हाडचा अर्धा र. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, नाहीतर साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखं दिसतं. संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं. कऱ्हाडकर, गोऱ्हे, बऱ्हाटे सगळे बिगर सभासद झाले. तासाभरात तीन फोन आले. संध्याकाळच्या आत मी एक ओळ टाकली, दुसरी तऱ्हा दिसली की पहिली करा. संपलं.

पण मला माहीत होतं, की असे प्रकार आणखी असणार. एकच दिसणारा मजकूर वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेला असतो, तो आधी एका रूपात आणावा आणि मग तुलना करावी, हा युनिकोडचाच नियम आहे. जावात त्यासाठी 'नॉर्मलायझर' आहे, तो सहाव्या आवृत्तीपासून मिळतो. मी तो वापरला. सर्व्हरवर उत्तम. ब्राउझरसाठी कंपाइल केलं आणि तोच संदेश आला, सोर्स कोड उपलब्ध नाही, मॉड्यूल विसरलात का?

जावास्क्रिप्टमध्येही तेव्हा अशी सोय नव्हती, ती २०१५ च्या प्रमाणात आली. म्हणजे नॉर्मलायझर हातानं लिहावा लागणार. सगळ्या जगाच्या लिप्यांचे तक्ते, त्यांचे अपवाद. दुसऱ्या दिवशी प्रणाली द्यायची होती. चहाची वेळ झाली होती. मी सुपर-सोर्सच्या फोल्डरमध्ये नॉर्मलायझर नावाचा वर्ग केला आणि त्यात ती एक ओळ लिहिली. जो मजकूर येईल, तो जसाच्या तसा परत द्या. कंपायलर गप्प झाला. हिरवी खूण आली.

त्या दिवशी मी फट भरली नव्हती, फटीवर कागद चिकटवून त्याला भिंतीचा रंग दिला होता.

दिवाळी झाली, वर्ष उलटलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. 'साहेब, एक बाई रोज येऊन बसतात. म्हणतात दिवाळीचा फरक मिळाला नाही. आमच्या यादीत त्या बिगर सभासद आहेत. त्या म्हणतात मालक होते तेव्हापासून शेअर आहे. तुम्ही जरा बघून सांगा, म्हणजे त्यांना सांगता येईल की कॉम्प्युटरमध्येच तसं आहे.'

फरक म्हणजे काय, ते दुधाच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. वर्षभर घातलेल्या दुधावर संस्था दिवाळीला लिटरमागे जादा रक्कम देते. ती त्या संस्थेत सभासदांनाच मिळायची. दोन म्हशींच्या घरात त्या पैशांवर पेंड येते, कपडे येतात, कधी दवाखाना भागतो.

मी खातं उघडलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, एवढंच सांगतो की त्या नावात ज़ होता, खाली टिंब असलेला. रजिस्टरमध्ये नाव होतं. बिगर सभासदांच्या यादीतही तेच नाव होतं. दोन्ही एकाखाली एक ठेवली. केसाचाही फरक नाही. मग मी संगणकाला दोन्ही नावांची लांबी विचारली. उत्तर आलं, एकाची दहा, दुसऱ्याची अकरा.

त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि खुर्चीतून उठवेना.

ज़ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. आधी ज आणि मग वेगळा नुक्ता, अशी दोन चिन्हं. किंवा युनिकोडच्या तक्त्यात ज़ ला दिलेली स्वतंत्र जागा, म्हणजे एकच चिन्ह. टाइप करणाऱ्या मुलाने नुक्त्याची कळ वेगळी दाबली होती. रूपांतराच्या साधनाने एकसंध ज़ उचलला होता. खरा नॉर्मलायझर असता तर त्याने दोन्ही एकाच रूपात आणले असते. माझ्या नॉर्मलायझरने आलं तसं परत दिलं, आणि आठ महिने त्या बाईंचं दूध त्यांच्याच नावाच्या, पण त्यांच्या नसलेल्या खात्यावर पडत राहिलं.

यातली एक गोष्ट मला अजून टोचते. कऱ्हाडचा ऱ आणि हा ज़, दोघांच्या पोटात टिंब एकच आहे. युनिकोडच्या तक्त्यात ऱ चीही फोड 'र आणि नुक्ता' अशीच दिली आहे. पण कऱ्हाडकरांचा घोळ एका तासात लक्षात आला, कारण ते निम्मं गाव होतं. ज़ वाली नावं सगळ्या केंद्रांत मिळून सात निघाली. सात जणांसाठी कुणाचा फोन वाजत नाही. त्यातले सहा जण तर 'असेल काहीतरी' म्हणून गप्पच बसले होते.

आणि ही नावं लक्षात यायला हवी होती ती सगळ्यांत आधी मला. माझ्या नावातही तो ज़ आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी साधा ज लिहिला, आणि त्यात त्यांचंही काही चुकलं नाही. मराठीत ज ला टिंब देत नाहीत. जाळं आणि जेवण यांतले दोन ज आपण एकाच अक्षराने लिहितो आणि वाचताना बरोबर वाचतो. अब्बांनी एकदा म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं. ज्याचं टिंब सहाव्या वर्षी गेलं, त्याला दुसऱ्याचं टिंब हरवलेलं दिसलं नाही.

दोन दिवसांनी मी स्वतः केंद्रावर गेलो. फोनवर मिटवता आलं असतं, पण जाववलं. त्या बाई बाकावर बसल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत आठ महिन्यांच्या चिठ्ठ्या, महिन्याप्रमाणे दोऱ्याने बांधलेल्या. शेअरचा दाखला वेगळ्या पिशवीत. संगणकात नव्हता एवढा चोख हिशेब त्यांच्या दोऱ्यात होता.

मी म्हटलं, 'खाला, चूक आमची आहे. तुमच्या नावात ज खाली टिंब आहे ना, त्याच्यामुळे मशीनला दोन नावं वाटली.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, 'टिंब काढलं तर पैसे मिळतील? मग काढून टाक की बेटा. नातवाने शाळेत शिकून लावलं होतं. इतकी वर्षं नव्हतं, तेव्हा काय अडलं होतं?'

खरं तर ते सगळ्यात सोपं होतं. सगळ्या नावांतले नुक्ते पुसून टाकायचे, एका ओळीचं काम. ऑफिसात आमच्या वरिष्ठांनीही तेच सुचवलं होतं, 'सात नावांसाठी कशाला एवढं?' मी म्हटलं, 'नाही खाला, टिंब राहील. मशीन सुधारतो.'

'राहू दे मग,' त्या म्हणाल्या. 'पण बिल दहाव्या दिवशी दे.'

पैसे पुढच्या बिलात जमा झाले. बाकीच्या सहा जणांचेही झाले. ते संस्थेने दिले, मी काही मोठेपणा केला नाही.

मग मी नॉर्मलायझर खरा लिहायला बसलो, आणि शरमेने हसू आलं. सगळ्या जगाच्या लिप्यांची धास्ती घेऊन मी ते टाळलं होतं. देवनागरीच्या तक्त्यात पाहिलं तर टिंबाच्या जोड्या एकूण अकराच निघाल्या. ऩ, ऱ, ऴ ही तीन अक्षरं. आणि क़, ख़, ग़, ज़, ड़, ढ़, फ़, य़ ही आठ. नियमात गंमत अशी, की पहिली तीन जोडून एक करायची आणि नंतरची आठ फोडून दोन करायची. टिंब तेच, पण कऱ्हाडचं जोडायचं आणि ज़ चं तोडायचं. यामागे युनिकोडची स्वतःची कारणं आहेत, अपवादांची एक अधिकृत यादीच आहे. दोन्ही बाजूंनी एकच नियम पाळला की नावं जुळतात, मग जोडा किंवा तोडा. अकरा जोड्या. चहाच्या आत झालं असतं.

त्या अकरा जोड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट मी त्याच्या खाली लिहिली. मजकुरात साध्या इंग्रजी आणि देवनागरीखेरीज दुसरं काही आलं, तर माझा नॉर्मलायझर ते परत देणार नव्हता. तो अपवाद फेकणार होता, 'मला हे येत नाही'. आणि जुळवणीत असा अपवाद आला, किंवा नाव सापडलं नाही, तर आपोआप बिगर सभासद करायचं नाही. ते नाव एका वेगळ्या यादीत टाकायचं, आणि त्या यादीवर लिहायचं, माणसाने पाहावे.

आणखी एक सवय लागली. तीच चाचणी दोन्हीकडे चालवायची, एकदा खऱ्या जावावर आणि एकदा ब्राउझरसाठी रूपांतर झालेल्या कोडवर. उत्तरं वेगळी आली की थांबायचं. त्यातून माझीच आणखी एक चूक सापडली. 'स्ट्रिंग.फॉरमॅट' ची फट मी जावास्क्रिप्टच्या 'टूफिक्स्ड' ने भरली होती. १.००५ दोन दशांशांत लिही म्हटलं की जावा १.०१ लिहितो आणि जावास्क्रिप्ट १.०० लिहितं. जावा दिसणाऱ्या दशांश आकड्यावरून वर नेतो. जावास्क्रिप्ट आत साठवलेल्या द्विमान संख्येकडे बघतं, आणि ती १.००५ पेक्षा किंचित कमी असते. चिठ्ठीवर एक आणि बिलात एक, एका पैशाचा फरक. एक पैसा म्हणजे काहीच नाही. पण ज्या माणसाने चिठ्ठ्या दोऱ्याने बांधून ठेवल्यात, त्याला तो दिसतो, आणि मग त्याचा बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. पैसे मोजायला दशांश अपूर्णांकांचा बिगडेसिमल असताना मी साधी संख्या वापरली, ही त्याच्या मागची मूळ चूक.

आता मी नवीन मुलांना शिकवतो. साधनं बदललीत. गूगलने नंतर जे२सीएल आणलं, टीव्हीएम नावाचं साधन जावाच्या सोर्सऐवजी बाइटकोडवरून जावास्क्रिप्ट करतं. नकली ग्रंथालयं मोठी झालीत, तरी फटी आहेतच. असणारच, कारण एका घरचं सामान दुसऱ्या घरात कधीच पूर्ण मावत नाही. मी मुलांना एवढंच सांगतो. फट दिसली की आधी बघा, इथे काहीच न करणं खरोखर चालेल का, त्या सिंक्रोनाइज्डसारखं. चालत असेल तर का चालतं ते लिहून ठेवा. चालत नसेल तर जेवढं खरं करता येईल तेवढंच करा, आणि पुढे हात वर करा, मोठ्याने. खोटी हिरवी खूण लावू नका. कंपायलरला गप्प करणं सोपं आहे. त्याच्या पलीकडे बाकावर पिशवी घेऊन कोण बसलंय, ते आपल्याला दिसत नसतं.

माझा अकरा जोड्यांचा वर्ग आता राहिला नाही. ब्राउझरमध्ये नॉर्मलाइझ करायची सोय आल्यावर एका मुलीने तो काढून त्या जागी एक ओळ टाकली. तिने विचारलं, 'सर, काढू ना?' मी म्हटलं, 'काढ. आधी ज़ ची चाचणी चालव.' चालली.

कधीकधी वाटतं, आपणही आपल्या नावाखालचं टिंब परत लावावं. मग आठवतं, की दाखला, आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे ते नाही. एका ठिकाणी लावलं तर दुसरीकडे जुळणार नाही, आणि तिकडचा नॉर्मलायझर कुणी, कुठल्या घाईत लिहिलाय, कोण जाणे. म्हणून राहू दिलंय. मुलीचं नाव शाळेत घालताना मात्र क्लार्कने विचारलं, 'टिंब द्यायचं का?' मी म्हटलं, द्या. आणि घरी येऊन तिच्या जन्मदाखल्यावरचं नाव आणि शाळेतलं नाव, दोन्ही संगणकावर टाकून लांबी मोजून पाहिली.